ब्रेडबोर्ड-एलईडी संच: दिव्यांपेक्षा स्विचांसाठी घ्यावा असा

इलेक्ट्रॉनिक्सची पहिली ओळख करून देणारे जे संच ऑनलाइन दुकानांतून साडेपाचशे ते आठशे रुपयांच्या दरम्यान मिळतात, त्यांपैकी एका संचाचे हे परीक्षण आहे. संचाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच वस्तू साधारण अशाच डबीत घालून निरनिराळ्या नावांनी विकल्या जाताना दिसतात आणि पुढे नोंदवलेले गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना कमीअधिक लागू पडावेत. मला हा संच साडेसहाशे रुपयांना पडला. नववीत शिकणाऱ्या भाचीबरोबर त्यातील सर्व प्रयोग करून पाहिल्यावर झालेले मत सुरुवातीलाच सांगतो. एलईडी पेटवण्याच्या भागात हा संच विद्यार्थ्याला अर्धवट माहितीवर सोडून देतो. स्विचांच्या भागात मात्र तो किमतीपेक्षा बरेच अधिक देतो.

डबीत एक ब्रेडबोर्ड (सुटे भाग छिद्रांत खोचून सर्किट मांडण्याचा फलक), पाच रंगांचे पाच मिलिमीटर व्यासाचे एलईडी, २२० ओहम, ३३० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहम अशा चार मूल्यांचे रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारे घटक), चार पायांची दाबायची बटणे, तीन पायांचे सरकते स्विच, बीसी ५४७ जातीचे ट्रान्झिस्टर, एक एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा घटक), ९ व्होल्टच्या बॅटरीची टोपी, जंपर वायरी आणि एक पातळ पुस्तिका एवढा ऐवज आहे. बॅटरी संचात नाही. याची सूचना डबीच्या मागच्या बाजूस अगदी बारीक अक्षरांत असल्यामुळे संच भेट म्हणून देणाऱ्याने ती आधीच आणून ठेवलेली बरी.

अशा संचाचा भरवसा ब्रेडबोर्डवर असतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. येथे ८३० छिद्रांचा पूर्ण आकाराचा बोर्ड दिला आहे. छिद्रांमधील अंतर २.५४ मिलिमीटर म्हणजे इंचाचा दहावा भाग असते. मधल्या खाचेच्या दोन्ही अंगांना ६३ उभ्या ओळी आहेत, प्रत्येक ओळीत पाच छिद्रे आहेत आणि ती पाचही छिद्रे आतील धातूच्या एकाच पट्टीने जोडलेली आहेत. खाचेपलीकडची त्याच क्रमांकाची पाच छिद्रे मात्र पूर्णपणे स्वतंत्र असतात. अशी ६३० छिद्रे, आणि कडेच्या लाल-निळ्या रेघांलगत वीजपुरवठ्यासाठी आडवी जोडलेली आणखी २००. पुस्तिकेत ही रचना चित्राने नीट समजावली आहे, परंतु एक महत्त्वाची गोष्ट त्यात राहून गेली आहे. या बोर्डावर कडेची लाल आणि निळी रेघ मध्यभागी तुटते, आणि जेथे रेघ तुटते तेथे आतील धातूची पट्टीही तुटलेली असते. बॅटरी डाव्या टोकाला जोडून उजव्या अर्ध्या भागात सर्किट मांडणाऱ्या नवशिक्याला दिवा का लागत नाही हे काही केल्या कळत नाही आणि तो निष्कारण एलईडीवर संशय घेतो. दोन छोट्या वायरींनी हे तुटलेले भाग जोडून घेणे हे या बोर्डावरचे पहिले काम समजावे.

बोर्डाची पकड मध्यम प्रतीची आहे. नव्या बोर्डात काही छिद्रे इतकी कडक आहेत की एलईडीचा बारीक पाय आत जाण्याऐवजी वाकतो, तर काही छिद्रांत रेझिस्टर सैल बसतो आणि टेबलाला धक्का लागला की दिवा लुकलुकतो. कडक छिद्रांवर उपाय सोपा आहे. सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची एकसंध तार आधी एकदा आत घालून काढली, आणि मग घटकाचा पाय छिद्राजवळ बारीक नाकाच्या पकडीने धरून सरळ खाली दाबला, तर अडचण येत नाही. सैल छिद्रांना उपाय नाही. ती वापरायची सोडून द्यावीत. १ एन ४००७ सारख्या जाड पायांचा डायोड या बोर्डात खुपसू नये, कारण त्याचे सुमारे ०.८ मिलिमीटरचे पाय आतील पट्टी ताणून ठेवतात आणि मग त्याच छिद्रात बारीक पाय कधीच घट्ट बसत नाही. बोर्डाच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टी आहे. तिचा कागद सोलण्याचा मोह अनेकांना होतो, पण पट्टी उचकटली गेली तर तिच्याबरोबर धातूचे तुकडेही निघून येऊ शकतात, म्हणून तो कागद तसाच राहू द्यावा.

जंपर वायरी हा या संचातील सर्वांत कच्चा दुवा आहे. दोन्ही टोकांना पिना असलेल्या या वायरी दिसायला आकर्षक असल्या, तरी त्यांतील तारेचे पदर फार बारीक आहेत आणि ती पिनेजवळच्या काळ्या टोपीत तुटते. बाहेरून वायर धडधाकट दिसत असल्यामुळे दोष सापडायला वेळ लागतो. शिवाय लांब वायरींच्या कमानी बोर्डावर एकमेकींवर पडतात आणि कोणती वायर कोठून कोठे गेली हे डोळ्यांना कळेनासे होते, जे शिकण्याच्या दृष्टीने तुटण्यापेक्षाही वाईट आहे. घरात जुन्या लॅन केबलचा तुकडा पडला असेल आणि त्यातील तारा एकसंध असतील, तर त्यांचे योग्य मापाचे तुकडे कापून, दोन्ही टोके सात-आठ मिलिमीटर सोलून वापरावेत. त्या बोर्डाला लागून सपाट बसतात, आणि आठ रंग मिळत असल्यामुळे धन बाजूला एक व ऋण बाजूला दुसरा असा नियमही पाळता येतो.

आता दिव्यांकडे वळतो. लाल, हिरवे आणि पिवळे एलईडी रंगीत आवरणाचे आहेत, पण निळे आणि पांढरे दोन्ही पारदर्शक असल्याने पेटवल्याशिवाय ते सहज ओळखू येत नाहीत. त्यांच्या पुड्यांवर साधी चिठ्ठी लावण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. लांब पाय धन बाजूचा, ही खूण पुस्तिकेत दिली आहे. मात्र पाय कापून आखूड केले की ती खूण नाहीशी होते. एलईडीच्या तळाच्या कडेला एका बाजूस जो सपाट भाग असतो तो ऋण पायाच्या बाजूला असतो आणि तो शेवटपर्यंत टिकतो, म्हणून मुलांना तीच खूण आधी दाखवावी.

पुस्तिकेचा खरा दोष रेझिस्टरच्या बाबतीत आहे. एलईडीला ९ व्होल्टची बॅटरी सरळ जोडू नये, मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर घालावा, असे ती सांगते आणि पुढे जाते. ३३० ओहमच का, हे कोठेही सांगितलेले नाही. वास्तविक नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम शिकवला जातो आणि हा हिशेब त्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखा आहे. पेटलेल्या लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर येतात, आणि ७ भागिले ३३० म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीसाठी सतत वाहणाऱ्या प्रवाहाची मर्यादा साधारणपणे २० मिलिअँपिअर धरतात. म्हणजे पुस्तिकेने सुचवलेले मूल्य मर्यादेच्या किंचित पलीकडचे आहे, आणि नव्या कोऱ्या बॅटरीचे व्होल्टेज ९ पेक्षा थोडे जास्त असल्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. एलईडी लगेच जळतो असे नाही, पण त्याच डबीत १ किलोओहमचे रेझिस्टर उपलब्ध असताना ३३० वापरण्याचे काही कारण दिसत नाही. १ किलोओहम घातल्यास ७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, दिवा खोलीत उत्तम दिसतो आणि बॅटरी तिप्पट काळ टिकते.

येथे एक प्रयोग आम्ही पुस्तिकेबाहेर जाऊन केला आणि तो प्रत्येकाने करावा असा आहे. तीन लाल एलईडी शेजारी शेजारी लावून एकाला ३३० ओहम, दुसऱ्याला १ किलोओहम आणि तिसऱ्याला १० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. पहिल्या आणि तिसऱ्या दिव्यातील प्रवाहात तीसपट फरक असूनही डोळ्यांना तो तेवढा भासत नाही. १० किलोओहमचा दिवाही मंद, पण स्पष्ट पेटलेला दिसतो. रेझिस्टर ‘दिवा जळू नये म्हणून घालायचा’ एवढीच समजूत असलेल्या मुलीला तो प्रवाह ठरवतो हे या एका मांडणीतून कळले. रंगपट्ट्या वाचतानाही एक काळजी घ्यावी: १ किलोओहमवर तपकिरी, काळी, लाल आणि १० किलोओहमवर तपकिरी, काळी, नारिंगी पट्टी असते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात या संचातील लाल व नारिंगी यांत फरक करणे कठीण जाते.

पुस्तिकेतील तिसरा प्रयोग तर चुकीचाच आहे. त्यात पाचही रंगांचे एलईडी समांतर जोडून त्या सर्वांना मिळून एकच रेझिस्टर दिला आहे. मांडणी चित्राप्रमाणे तंतोतंत केली तरी निळा आणि पांढरा दिवा लागत नाही. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टला प्रवाह वाहू देतो, तर निळ्याला आणि पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. लालने जोडणीवरचे व्होल्टेज २ व्होल्टजवळ धरून ठेवल्यावर निळ्याला पेटण्याइतके व्होल्टेज मिळतच नाही. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हा नियम येथेच शिकवता आला असता. जाता जाता सांगायचे तर, हा फरक एलईडी ज्या पदार्थापासून बनतो त्यातून येतो. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये तयार झाला, परंतु गॅलियम नायट्राइडपासून प्रखर निळा एलईडी बनवायला १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि त्या कामासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डबीत साध्या पुडीत बांधून आलेल्या निळ्या दिव्यामागे एवढा इतिहास आहे, हे पुस्तिकेच्या एखाद्या कोपऱ्यात यायला हरकत नव्हती. त्याऐवजी तेथे त्याच उत्पादनांची जाहिरात आहे.

एकसर जोडणीचा प्रयोग मात्र चांगला निवडला आहे. तीन लाल एलईडी एकामागोमाग जोडले तर ९ व्होल्टवर ते छान पेटतात. त्याच जागी तीन निळे लावले की जेमतेम मिणमिणतात. बेरीज केली की कारण लगेच उघड होते.

बॅटरीची निवड मला पटलेली नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी हाताळायला सोपी असली, तरी तिची क्षमता लहान आहे आणि तीन-चार दिवे एकदम पेटते ठेवले तर साधी झिंक-कार्बन बॅटरी लवकरच मलूल होते. तीन पेन्सिल सेलांचा साडेचार व्होल्टचा होल्डर स्वस्त पडतो, जास्त टिकतो आणि त्यावर २२० ओहमच्या रेझिस्टरने लाल एलईडीला सुमारे ११ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, जो अगदी योग्य आहे. काही जण पॉवर बँकेचे ५ व्होल्ट वापरतात. तेही चालते, परंतु पुष्कळशा पॉवर बँका इतका कमी प्रवाह पाहून काही वेळाने आपोआप बंद होतात आणि नवशिक्याला सर्किट बिघडल्याचा भास होतो. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा ब्रेडबोर्डवर कोणत्याही कारणाने आणायचा नसतो, हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापले आहे आणि त्यासाठी छापणाऱ्याचे कौतुक करायला हवे.

स्विचांच्या प्रयोगांपाशी आल्यावर या संचाचा सूर बदलतो. प्रयोगांचा क्रम येथे विचारपूर्वक लावला आहे, आणि हा भाग लिहिणारी व्यक्ती वेगळी असावी अशी शंका येते.

सुरुवात चार पायांच्या बटणाने होते. दिव्याच्या स्विचला दोन टोके पुरतात, मग याला चार पाय कशाला, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो आणि पुस्तिका त्याचे उत्तर चित्राने देते. बटण मधल्या खाचेवर बसवले की खाचेच्या अल्याड-पल्याड एकाच क्रमांकाच्या ओळीत येणारे दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. अशा दोन जोड्या असतात आणि बटण दाबल्यावर त्या एकमेकींना मिळतात. म्हणून वायरी एकाच जोडीच्या दोन पायांना लावल्या तर दिवा बटण न दाबताच पेटलेला राहतो. कर्णावरचे दोन पाय निवडले म्हणजे ही चूक होऊच शकत नाही, ही युक्ती पुस्तिकेत आहे आणि ती अनुभवी माणसाची आहे. बटणांचे पाय कारखान्यातून थोडे वाकवून आलेले असल्यामुळे ती बोर्डातून वर उसळतात. पकडीने पाय सरळ केल्यावर ती नीट बसतात, पण हे मात्र कोठे लिहिलेले नाही.

पुढे दोन बटणे एकामागोमाग जोडून दोन्ही दाबल्यावरच पेटणारा दिवा आणि दोन बटणे समांतर जोडून कोणतेही एक दाबल्यावर पेटणारा दिवा, असे दोन प्रयोग येतात. ‘आणि’ व ‘किंवा’ या तर्काच्या दोन क्रिया विद्यार्थी येथे बोटांनी करतो. त्यानंतरचा प्रयोग अधिक चतुर आहे. त्यात बटण एलईडीला समांतर लावलेले असते, त्यामुळे दिवा आधीपासून पेटलेला असतो आणि बटण दाबल्यावर विझतो, कारण प्रवाहाला एलईडीला वळसा घालून जाणारी सोपी वाट मिळते. कल्पना उत्तम आहे, पण ३३० ओहमचा हट्ट येथे चांगलाच भोवतो. बटण दाबलेले असताना संपूर्ण ९ व्होल्ट त्या एकट्या रेझिस्टरवर येतात आणि त्यात सुमारे पाव वॅट उष्णता निर्माण होते. संचातील रेझिस्टर पाव वॅटचेच आहेत. बटण काही काळ दाबून धरले तर रेझिस्टरला हात लावणे नकोसे होते. येथे १ किलोओहम वापरणे केवळ इष्ट नाही, आवश्यक आहे.

संचातील सर्वांत चांगला प्रयोग म्हणजे जिन्याचा दिवा. खालच्या मजल्यावरून लावता येणारा आणि वरच्या मजल्यावरून बंद करता येणारा दिवा बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो, परंतु भिंतीतील जोडणी कोणीच पाहिलेली नसते. येथे दोन सरकते स्विच दिलेले आहेत. प्रत्येकाचा मधला पाय सामाईक. पहिल्या स्विचचा मधला पाय बॅटरीच्या धन टोकाला, दुसऱ्याचा मधला पाय रेझिस्टरमार्गे एलईडीला, आणि दोन्ही स्विचांचे बाजूचे पाय दोन वायरींनी एकमेकांना. दोन्ही स्विच एकाच वायरीकडे सरकलेले असतील तेव्हा दिवा पेटतो, भिन्न वायरींकडे असतील तेव्हा विझतो, आणि म्हणूनच कोणताही एक स्विच हलवला की दिव्याची स्थिती पालटते. चार शक्यतांचा तक्ता पुस्तिकेत कोरा छापला आहे आणि तो विद्यार्थ्याने भरायचा आहे. भाचीने तो भरल्यावर स्वतःहून तिसरा स्विच मध्ये घालता येईल का असे विचारले. मधल्या स्विचला सहा पाय लागतात आणि तसा स्विच संचात नाही. एक जरी दिला असता तरी किंमत फारशी वाढली नसती.

शेवटचा टप्पा ट्रान्झिस्टरचा, म्हणजे हाताने न हलवता प्रवाहानेच चालणाऱ्या स्विचचा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. १० किलोओहममधून बेसला एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह दिला की कलेक्टरकडचा एलईडी पूर्ण पेटतो, हे पाहणे थोरांनाही आनंददायक वाटते. बोटाच्या स्पर्शाने पेटणारा दिवा येथे एकाच ट्रान्झिस्टरवर केला आहे. कोरड्या बोटाने तो अगदीच मंद लागतो. एका ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोघांचे कलेक्टर एकत्र जोडले, तर तोच दिवा लख्ख पेटतो, आणि त्यासाठी लागणारा दुसरा ट्रान्झिस्टर डबीत असूनही पुस्तिकेने तो वापरलेला नाही. एलडीआरने अंधारात पेटणारा दिवा मात्र पहिल्या प्रयत्नात जमतो.

पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की सर्व मांडण्या केवळ बोर्डाच्या रंगीत चित्रांनी दाखवल्या आहेत. शाळेत शिकवली जाणारी चिन्हांची आकृती एकाही प्रयोगासोबत नाही. त्यामुळे विद्यार्थी चित्र बघून पाय कोणत्या छिद्रात घालायचा एवढे शिकतो, पण तेच सर्किट बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला मांड म्हटले की थबकतो. आम्ही प्रत्येक प्रयोगाआधी वहीत आकृती काढली आणि मग पुस्तिकेकडे न पाहता मांडणी केली, तेव्हा ही अडचण दूर झाली.

पुण्यात राहणाऱ्यांना हे सर्व सुटे भाग तपकीर गल्लीत आणि मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि सुटे घेतल्यास खर्च संचापेक्षा बहुधा कमी येतो. शिवाय बोर्ड हातात घेऊन पारखता येतो. ज्यांना ३३० ओहम म्हणजे काय हे आधीच ठाऊक आहे, त्यांनी तोच मार्ग धरावा. ज्या गावी असे दुकान नाही किंवा दुकानात काय मागायचे हेच ज्या पालकांना उमगत नाही, त्यांनी हा संच घ्यावा. मात्र सोबत पेन्सिल सेलांचा होल्डर, बारीक नाकाची पकड आणि जोडणी तपासताना वाजणारा साधा मल्टिमीटर एवढे आणखी आणावे, आणि पुस्तिकेतील तिसरा प्रयोग सोडून थेट बटणांच्या पानापासून आरंभ करावा.